हरणाच्या शिकारीची पहिली रायफल: आधी नियम, मग काडतूस, बंदूक त्यानंतर

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसांपैकी काहीजण आता नोव्हेंबरच्या हरीण-हंगामात रानात उतरू लागले आहेत. पहिल्या रायफलच्या खरेदीत चुका मात्र त्याच त्याच होतात. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये बंदूक आधी घेतली जाते. त्या कॅलिबरला (नळीच्या आणि गोळीच्या मापाला) आपल्या राज्यात परवानगीच नाही, स्कोपला (नेमाच्या दुर्बिणीला) पैसे उरले नाहीत किंवा धक्क्याने खांदा सुजतोय, हे मागाहून कळतं. बंदूक वाईट नसते, क्रम उलटा झालेला असतो.

इथलं सगळं अमेरिकेपुरतं आणि व्हाइटटेल हरणापुरतं आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे ‘गावाकडे उपयोगी पडेल’ हा विचार डोक्यातून काढून टाका. बजेट सगळं मिळून ९०० डॉलरच्या आसपास धरलं आहे.

१. तुम्हाला बंदूक हातात धरता येते का?

ही पायरी वगळणाऱ्यांना सगळ्यात महागात पडते. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना केंद्रीय कायद्यानुसार रायफल घेता येते. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यांना मात्र बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्याचीच मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला सामान्य माणसाच्या उपयोगाचा एकच: कोणत्याही राज्याचं वैध शिकार लायसन्स.

म्हणून व्हिसावर असाल तर क्रम असा ठेवा:

- आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स. बऱ्याच राज्यांत लायसन्ससाठी तो सक्तीचा आहे.
- मग शिकार लायसन्स.
- त्यानंतरच रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) भाड्याची बंदूक, आणि मग खरेदी.

रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेली रायफलही कायद्याच्या नजरेत ‘ताबा’च असते. ‘नुसती चालवून बघतो’ ही सबब टिकत नाही. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपतो, आणि कपाटातली बंदूक त्या दिवसापासून बेकायदा ठरू शकते. नूतनीकरणाची तारीख व्हिसाच्या तारखेइतकीच जपा.

खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच करा. तिथे फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म, भरावा लागतो आणि पार्श्वभूमी तपासली जाते. फॉर्मवर नॉन-इमिग्रंट व्हिसाचा प्रश्न आहे आणि त्याला जोडूनच अपवादाचाही. दोन्हींची उत्तरं खरी द्या, लायसन्सची प्रत आणि आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद) सोबत न्या. काही राज्यांचे स्वतःचे कागद वेगळे लागतात: न्यू जर्सीत फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड (बंदूकधारकाचं राज्याचं ओळखपत्र).

सावधान: ‘माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, मी माझ्या नावावर घेतो, पैसे तू दे’ हा मित्रत्वाचा सल्ला केंद्रीय गुन्हा आहे. फॉर्मवरच ‘खरा खरेदीदार तुम्हीच का?’ असं विचारलेलं असतं. बंदुकीच्या गुन्ह्यात दोष सिद्ध झाला तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, त्यामुळे थोडी जरी शंका असेल तरी इमिग्रेशन वकिलाची एका तासाची फी ही सगळ्यात स्वस्त खरेदी समजा. नवऱ्याकडे ग्रीन कार्ड आणि बायको अजून व्हिसावर, किंवा उलट, असं घर असेल तर कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार, हेही त्याच तासात विचारून घ्या.

२. ज्या जमिनीवर शिकार करणार तिथला नियम

तुम्ही राहता ते राज्य आणि शिकार करता ते राज्य वेगळं असू शकतं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारा शिकारी पेनसिल्वेनियात जातो तेव्हा त्याची बंदूक पेनसिल्वेनियाच्या नियमाला उतरावी लागते. शिवाय एकाच राज्यात काउंटीप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे नियम बदलतात. राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका उघडा आणि ‘लीगल आर्म्स’चं पान वाचा. मागच्या वर्षीची पुस्तिका चालणार नाही.

नियम किती वेगवेगळे असतात ते पाहा:

- न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स: हरणासाठी सेंटरफायर रायफल (बुडाच्या मध्यावर पेटणारं काडतूस वापरणारी) चालत नाही. तिथे शॉटगन लागते. सॅबो स्लग (प्लॅस्टिकच्या आवरणातली एकच जड गोळी) वापरायची असेल तर आतून आटे असलेली नळी हवी. गुळगुळीत नळीत सॅबो स्लग भरकटते, त्या नळीसाठी रायफल्ड स्लग (अंगावरच खाचा असलेली) मिळते. दुकानात दोन्ही डबे शेजारी ठेवलेले असतात आणि गडबड तिथेच होते.
- ओहायो: रायफल चालते, पण काडतूस सरळ भिंतीचं (तोंडाशी निमुळतं न होणारं) हवं, .३५७ ते .५० कॅलिबरच्या दरम्यानचं. म्हणजे .३०८ बाद. .३५० लेजंड किंवा .४५० बुशमास्टर चालतं.
- पेनसिल्वेनिया: सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) रायफलने हरीण मारता येत नाही. बोल्ट, लिव्हर, पंप किंवा सिंगल-शॉट, म्हणजे दर फैरीला हाताने भरायची, घ्या.
- कोलोरॅडो: किमान .२४ कॅलिबर आणि हरणासाठी किमान ७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), लागल्यावर फुलून रुंद होणारी गोळी. .२२३ इथे बसत नाही.
- टेक्सस: सेंटरफायरला मोकळीक आहे, .२२ रिमफायरला (बुडाच्या कडेवर पेटणाऱ्या छोट्या काडतुसाला) नाही.
- कॅलिफोर्निया: १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीला शिसं नसलेलीच गोळी लागते. ती महाग पडते, हे बजेटमध्ये आधीच धरा.

तपासणी: कागदावर चार गोष्टी लिहा: काउंटी, हंगामाच्या तारखा, चालणारा बंदुकीचा प्रकार, चालणारं काडतूस. चारही लिहिता आल्या नाहीत तर पुढची पायरी नको.

३. अंतर प्रामाणिकपणे मोजा

व्हिडिओंमध्ये ५०० यार्डांवरून हरणं पडताना दिसतात. पूर्वेकडच्या ओक आणि मेपलच्या झाडीत १०० यार्डांपलीकडे दिसतच नाही, आणि ट्री-स्टँडवरून, म्हणजे झाडावरच्या मचाणावरून, पन्नासाच्या आतली संधी ही रोजची गोष्ट आहे. शेताच्या कडेला किंवा टेक्ससच्या मोकळ्या रानात १५० ते २०० धरा. नवख्या माणसाने पहिल्या दोन हंगामांत २००च्या पुढे विचारच करू नये. तिथे अडचण कॅलिबरची नसते, हाताची असते.

हरणाच्या छातीतली प्राणघातक जागा, म्हणजे हृदय आणि फुप्फुसं, साधारण ८ इंच व्यासाची असते. पुढचं सगळं गणित या ८ इंचांवर चालतं.

४. खांद्याला किती सोसतं

धक्का फूट-पौंडात मोजतात. साधारण ७ ते ७.५ पौंडांच्या रायफलमधून ढोबळ आकडे असे येतात: .२४३ विंचेस्टर ९, .३०-३० विंचेस्टर ११, ६.५ क्रीडमोर १२-१३, ७ एमएम-०८ सुमारे १४, .२७० आणि .३०८ सुमारे १७, .३०-०६ सुमारे २०, .३०० विंचेस्टर मॅग्नम २५च्या वर. पहिल्यांदाच बंदूक धरणाऱ्याला १५च्या आतला धक्का सरावासाठी बरा. ज्याला धक्क्याची भीती बसली तो चाप ओढताना डोळे मिटतो आणि खांदा पुढे ढकलतो. मग गोळी खाली जाते. ही खोड एकदा लागली की जायला दोन हंगाम लागतात.

स्वस्त रायफली हलक्या असतात आणि हलक्या रायफलीचा धक्का जास्त बसतो, हे विक्रेता सांगत नाही. साडेसहा पौंडांची .३०-०६ हातात सुखाची वाटते ती दुकानात. बेंचवर बसून वीस फैरी झाडल्या की मत बदलतं.

तपासणी: लायसन्सचा विषय मिटला असेल तर रेंजवर एखादी .३०८ भाड्याने घेऊन दहा फैरी झाडा. सोबत्याला काडतुसांमध्ये गुपचूप एक-दोन नकली काडतुसं मिसळायला सांगा. दुकानात ती ‘स्नॅप कॅप’ म्हणून मिळतात. नकलीवर चाप ओढताना नळीचं तोंड खाली झुकलं तर .३०८ तुमच्यासाठी सध्या जास्त आहे.

५. आता कॅलिबर

इथवर आलात तर यादी आपोआप आखूड झालेली असते. उरलेल्यांतून निवडताना प्रश्न एकच: याचं काडतूस शिकारीच्या गावातल्या साध्या हार्डवेअर दुकानात मिळतं का? हंगामाच्या आदल्या संध्याकाळी डबा घरी विसरल्याचं लक्षात येतं तेव्हा .३०८ आणि .३०-०६ बहुतेक मिळतात, नाजूक नावाची नवी काडतुसं मिळत नाहीत.

.३०८ विंचेस्टर १९५२पासून आहे. स्वस्त डबे भरपूर, गोळी १५० ते १६५ ग्रेनची घ्या. धक्का सोसत असेल तर शोध इथेच थांबवायला हरकत नाही.

६.५ क्रीडमोर २००७मध्ये आलं. त्याचं कौतुक जरा अतीच झालंय, पण धक्का .३०८पेक्षा स्पष्टपणे कमी आणि नेम साधायला सोपं, हे खरं. १२९ ते १४३ ग्रेन.

.२४३ विंचेस्टर सडपातळ बांध्याच्या माणसाला आणि किशोरवयीनांना सोयीचं. पण गोळी ९५-१०० ग्रेनचीच घ्या. ५५ ते ७० ग्रेनच्या पातळ गोळ्या कोयोटीसारख्या लहान जनावरांसाठी असतात. त्या हरणाच्या खांद्यावर फुटून वरवरची जखम करतात आणि जनावर निसटतं.

७ एमएम-०८ गुणाने .२४३ आणि .३०८च्या मधलं आणि फार चांगलं, फक्त दुकानाच्या फळीवर कमी दिसतं. .३०-३० दाट झाडीत १५० यार्डांपर्यंत आजही पुरेसं आहे. ते १८९५चं काडतूस आहे आणि हरणांची कातडी तेव्हापासून जाड झालेली नाही. .३५० लेजंड सरळ भिंतीची अट असलेल्या राज्यांत स्वस्त आणि मऊ, मात्र १५०च्या पुढे जपून.

मॅग्नम नको. शंभर यार्डांवरच्या हरणाला त्याची गरज नाही. मांस जास्त खराब होतं आणि डबा महाग पडतो.

सावधान: लिव्हर-अॅक्शन .३०-३०च्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडातल्या पेटवणाऱ्या टिकलीवर) टेकते आणि धक्क्याने ते मॅगझिनमध्येच पेटू शकतं. तिथे सपाट किंवा गोल तोंडाची गोळी, नाहीतर मऊ रबरी टोकाची हॉर्नडीची लिव्हररिव्होल्यूशन वापरा.

सावधान: संपूर्ण धातूने मढवलेली ‘फुल मेटल जॅकेट’ गोळी सरावाला स्वस्त पडते, पण हरणात ती न फुलता आरपार जाते. अनेक राज्यांत शिकारीला तिची मनाईही आहे. शिकारीसाठी रेमिंग्टन कोर-लोक्ट, फेडरल पॉवर-शॉक, विंचेस्टर पॉवर-पॉइंट, हॉर्नडी अमेरिकन व्हाइटटेल, यातलं कोणतंही साधं सॉफ्ट-पॉइंट पुरतं.

६. पैशांची वाटणी

नेहमीची चूक अशी: ७५० डॉलरची रायफल, ६० डॉलरचा स्कोप आणि काडतुसांचा एकच डबा. हे उलटं करा.

- रायफल: ४०० ते ४५०
- स्कोप: १५० ते २००
- बेस आणि रिंग (स्कोप रायफलवर बसवायचे भाग): ४० ते ५०
- काडतुसांचे पाच डबे, एकाच कंपनीचे आणि एकाच ग्रेनचे: सुमारे १५०
- कानाचं संरक्षण आणि चष्मा: ४०
- साफसफाईचं साहित्य आणि पट्टा: ४०

पाच डबे म्हणजे शंभर काडतुसं. त्यातली वीस शिकारीसाठी वेगळी काढा, बाकी ऐंशी सरावाची. ही रक्कम आधी बाजूला ठेवल्याशिवाय रायफलच्या काउंटरकडे जाऊ नका. सरावाला दुसरीच गोळी आणि शिकारीला दुसरी, असं केलं तर नेम पुन्हा लावावा लागतो. दोन गोळ्यांमध्ये १०० यार्डांवर दोन-तीन इंचांचा फरक सहज पडतो.

७. रायफल

या किमतीत रुगर अमेरिकन, सॅव्हेज अॅक्सिस आणि मॉसबर्ग पेट्रियट या तीन बोल्ट-अॅक्शन रायफली सगळीकडे दिसतात. तिन्ही हरणासाठी पुरेशा अचूक आहेत. प्लॅस्टिकचे दस्ते पोकळ आणि स्वस्त वाटतात, पण त्याने नेम बिघडत नाही. निवड अंगाला काय बसतं यावर करा.

- दस्त्याची लांबी. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंत साधारण १३.५ इंच हा प्रमाणित आकार उंच माणसासाठी आहे. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाने १२.५ इंचांचा ‘कॉम्पॅक्ट’ही खांद्याला लावून पाहावा. नोव्हेंबरात जाड जॅकेट असतं, म्हणून दुकानात जॅकेट घालूनच जा.
- कोणता डोळा प्रबळ? हात लांब करून दोन्ही पंजांच्या मध्ये छोटी फट ठेवा, तिच्यातून दूरची वस्तू पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते तो प्रबळ. डावा असेल तर डावखुरी बनावट मागा, वरच्यांपैकी काही मॉडेलांत ती मिळते.
- चाप. तीन ते चार पौंड बरा. जुन्या साध्या अॅक्सिसचा चाप जड होता. अॅक्सिस २ मध्ये समायोजन करता येणारा अॅक्यूट्रिगर आहे, फरकाचे थोडे डॉलर इथे द्यावेत.
- सेफ्टी लावलेली असताना बोल्ट उघडतो का? उघडत असेल तर काडतूस काढताना धोका कमी.

स्कोपसकट मिळणारा ‘कॉम्बो’ संच स्वस्त दिसतो. तो घेतलात तर रिंगचे स्क्रू कारखान्यात नीट आवळलेले आहेत असं गृहीत धरू नका. सगळं सोडवून पुन्हा बसवा.

जुनी रायफल घेताना. विक्रेत्यासमोर बोल्ट उघडून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याचं डोळ्याने आणि बोटानेही तपासा. मग हे पाहा: नळीच्या तोंडाची कड ठेचलेली आहे का, आत टॉर्च मारल्यावर गंजाचे खड्डे दिसतात का, चापामागच्या भागात लाकडी दस्त्याला तडा आहे का, स्क्रूंची तोंडं खाल्लेली आहेत का. तोंडं खाल्लेली असतील तर कोणीतरी घरच्या घरी दुरुस्ती केलेली असते. सेफ्टीची परीक्षा अशी: रिकामी बंदूक सुरक्षित दिशेला धरून सेफ्टी लावा, चाप ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. सेफ्टी काढताना ‘टक’ आवाज आला तर ती बंदूक तिथेच ठेवून या.

रेमिंग्टन मॉडेल ७०० जुन्या बाजारात खूप फिरते. १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ दरम्यान बनलेल्या, एक्स-मार्क प्रो चाप असलेल्या ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली कंपनीने २०१४मध्ये परत मागवल्या होत्या. सीरियल क्रमांक आणि दुरुस्तीचा कागद पाहिल्याशिवाय सौदा करू नका. कोणतीही जुनी रायफल पहिल्या फैरीआधी गनस्मिथकडून (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून) हेडस्पेस, म्हणजे चेंबरमध्ये काडतुसाला मिळणारी जागा, मोजून घ्या.

८. स्कोप बसवणं

३-९x४० स्कोप घ्या, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, ४० मिलिमीटर भिंगाचा. जास्त मोठेपणाचा मोह टाळा: झाडीत २० यार्डांवर हरीण आलं की बारा पटीच्या स्कोपमध्ये नुसता तपकिरी केसांचा पट्टा दिसतो. डोळ्यापासूनचं अंतर, म्हणजे आय रिलीफ, किमान ३.५ इंच हवं. कमी असेल तर धक्क्याने स्कोपची कड भुवईत घुसते.

1. बेसचे स्क्रू आणि भोकं स्पिरिटने पुसून तेल काढा. स्क्रूवर निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू घट्ट धरणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब लावा. लाल लॉकटाइट नको, तो पुढे सुटत नाही.
2. रिंग सैल ठेवून स्कोप नऊ पटीवर न्या. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग उघडा. मान न हलवता पूर्ण गोल दिसेपर्यंत स्कोप पुढेमागे सरकवा.
3. आडवी रेघ समपातळीत आणा. छोटा लेव्हल पुरतो.
4. रिंगचे स्क्रू टॉर्क पान्याने, आलटून पालटून, १५ ते २० इंच-पौंडांपर्यंत आवळा. कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. इथे लॉकटाइट लावायचा नाही, आणि हाताच्या जोरावरही सोडायचं नाही. जास्त आवळलं की स्कोपची नळी चेपते.

९. नेम लावणं

नव्या रायफलच्या नळीत कारखान्याचं तेल असतं. चेंबरच्या बाजूने कोरडे कापडी तुकडे फिरवून ते काढा, नाहीतर पहिल्या दोन-तीन गोळ्या कुठेही जातील आणि तुम्ही स्कोपला दोष द्याल. डब्यावरचं नाव, काडतुसाच्या बुडावरचा शिक्का आणि नळीवर कोरलेलं कॅलिबर तिन्ही जुळवून पाहा. कान झाका, चष्मा लावा.

सुरुवात २५ यार्डांवरून. बहुतेक स्कोपचा एक क्लिक १०० यार्डांवर पाव इंच सरकवतो, म्हणजे २५ यार्डांवर इंचाचा सोळावा भाग. एक इंच सरकायला इथे १६ क्लिक लागतात. अनेकजण चारच फिरवतात आणि ‘स्कोप हलतच नाही’ म्हणतात. गोळी मध्यापासून अर्धा इंच खाली लागू लागली की १०० यार्डांवर जा.

तिथे तीन गोळ्या झाडा आणि तिन्हींच्या मध्यापासून मोजा. प्रत्येक गोळीनंतर फिरवत बसलात तर तुम्ही स्वतःच्याच चुकीचा पाठलाग करता. तीन गोळ्यांनंतर नळी निवू द्या. तापलेली पातळ नळी गोळी भरकटवते आणि हरणावरची पहिली गोळी थंड नळीतूनच जाणार असते. .३०८ची १५० ग्रेनची गोळी १०० यार्डांवर दोन इंच वर बसवली की २०० यार्डांवर जवळपास मध्यावर येते. झाडीतच बसणार असाल तर सरळ १०० यार्डांवर मध्यावर बसवा, डोक्याला ताप नाही.

तीन गोळ्या दोन इंचांच्या आत आल्या की हरणासाठी झालं. एक इंचाच्या नादात काडतुसं संपवू नका.

१०. बेंच सोडा

रानात बेंच नसतं. ८ इंचांची कागदी प्लेट ५० यार्डांवर लावा आणि बसून, गुडघ्यावर आणि झाडाला टेकून पाच-पाच गोळ्या झाडा. पाचही प्लेटमध्ये आल्या तर ७५, मग १००. ज्या अंतरावर पाचांतली एकही गोळी बाहेर जाते, त्याच्या आधीचं अंतर ही तुमची मर्यादा. ती ७५ निघाली तर ७५च. हे सगळं सप्टेंबरमध्ये उरका. ऑक्टोबरच्या शेवटी रेंजवर बेंच मिळत नाही आणि दुकानातला तुमच्या ग्रेनचा डबा संपलेला असतो.

गाडीतून नेताना रायफल रिकामी, कुलूपबंद पेटीत, डिकीत, आणि काडतुसं वेगळी. घरी स्टीलच्या कपाटात, काडतुसांना दुसरं कुलूप.

एक राहिलं. रेंजवर नेलेली सॅक डिसेंबरच्या मुंबई-पुण्याच्या फेरीला वापरू नका. खिशाच्या शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस भारतीय विमानतळावर सापडलं तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. रेंजची सॅक वेगळी ठेवा आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात तसं लिहा. घरातलं दुसरं कोणीतरी ती घाईत भरेल, म्हणून.